काश्मीरमधील वायुवाहतूक आणि बारावे पथक (१९४७-४८)

लष्करी वाहतूक पथकाचा इतिहास बहुधा उड्डाणांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. विमानांची संख्या, वैमानिकांचे धैर्य, ओलांडलेल्या पर्वतांची उंची ही त्याची प्रमुख अंगे होत. तथापि वाहतूक-विमानाचे खरे प्रयोजन उतरण्यात आहे. हवाई छत्रीने धान्य टाकता येते, परंतु जखमींना व निर्वासितांना उचलून आणता येत नाही. म्हणून उतरण्याची भूमी कोणी राखली अथवा घडविली, हा प्रश्न अशा इतिहासात गौण ठरू नये. भारतीय वायुदलाच्या बाराव्या पथकाचे काश्मीरमधील कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हे पथक १९४५ मध्ये कोहाट येथे लढाऊ स्पिटफायर विमानांसह स्थापन झाले. १९४६ मध्ये त्याला डकोटा ही दोन एंजिनांची वाहतूक-विमाने मिळाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी या पथकाच्या व नागरी कंपन्यांच्या डकोटांनी पहिल्या शीख पलटणीचे सैनिक दिल्लीहून श्रीनगरला नेले. टोळीवाले तेव्हा बारामुल्लापर्यंत येऊन ठेपले होते. श्रीनगरचा विमानतळ हाती होता, म्हणूनच ही कुमक पोहोचू शकली. ३ नोव्हेंबरला बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा यांनी प्राण वेचले, ते याच विमानतळाकडे येणारी वाट रोखताना. तेथे भूमी राखण्याचा प्रश्न होता.

पूंछ येथे ती निर्माण करावी लागली. वेढलेल्या त्या नगरात हजारो निर्वासित अडकले होते. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांनी व निर्वासितांनी श्रम करून डिसेंबर १९४७ मध्ये आखूड धावपट्टी सिद्ध केली. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तीवर विमान उतरविले. पुढे डकोटांनी दारूगोळा व तोफा आत आणल्या आणि परतताना जखमी व निर्वासित बाहेर नेले. नोव्हेंबर १९४८ मध्ये भूमार्गाने संपर्क होईपर्यंत या पट्टीवरच नगराचा जीव टिकून होता.

लेहची कथा याहून बोलकी आहे. लडाखी अभियंते सोनम नोर्बू १९४८ च्या हिवाळ्यात लहानशा तुकडीबरोबर हिमाच्छादित झोजी ला पायी ओलांडून लेहला पोहोचले. त्यांच्या देखरेखीखाली स्थानिक लोकांनी दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन तेथे डकोटा उतरविली. त्या विमानात आतील हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि त्या वाटेचे भरवशाचे नकाशेही नव्हते. हे साहस असामान्य होते यात शंका नाही. परंतु विमान येण्यापूर्वी माणसे पायी गेली होती, हा क्रम विसरता येत नाही.

मेहर सिंग यांना महावीरचक्र मिळाले, ते सर्वथा यथोचित होय. ज्या निर्वासितांनी व लडाखी ग्रामस्थांनी दगड वेचून जमीन सपाट केली, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांचे स्मरण केल्याने वैमानिकाचे श्रेय उणावत नाही. उलट त्याने कोणाच्या श्रमावर विसंबून चाके टेकविली, हे स्पष्ट होते. बाराव्या पथकाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण, या अर्थाने, जमिनीवरच लिहिले गेले.