शिल्पकार राम सुतार : कार्य व साधनें

(१)

मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या हमरस्त्यानें धुळें मागें टाकून उत्तरेस निघालें म्हणजे सोनगीर हें गांव लागतें. या गांवाची ख्याति दोन गोष्टींमुळें आहे : एक तेथील किल्ला, व दुसरी तेथील तांब्यापितळेचीं भांडीं. याच धुळें तालुक्यांत, धुळें शहराजवळील गोंदूर या खेड्यांत, ता. १९ फेब्रुवारी १९२५ रोजीं राम वनजी सुतार यांचा जन्म झाला. पुढें देशांतील सर्वांत उंच पुतळ्याचे शिल्पकार म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, व डिसेंबर २०२५ मध्यें, नोएडा येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचें चरित्र सांगतांना सोनगीरच्या धातुकामाकडे बोट दाखविण्याचा मोह साहजिक आहे. ज्या मुलुखांत तांबटाच्या हातोड्याचा ठोका पिढ्यान् पिढ्या घुमला, त्याच मुलुखांत धातूचे पुतळे करणारा पुरुष निपजावा, हा योग कोणासही अर्थपूर्ण वाटेल. परंतु संशोधकानें अशा योगावर विसंबूं नये. तो तपासून पाहिला असतां सुतार यांच्या कलेचें खरें मूळ अधिक स्पष्ट होतें, व त्यांच्या कार्याच्या साधनांचा प्रश्नही पुढें येतो. प्रस्तुत लेखाचा हेतु तोच आहे.

(२)

तांबटाचें काम मुख्यतः घडीव असतें. पत्रा तापवून, ठोकून, पुन्हां तापवून तो त्यास हंड्याचा किंवा घागरीचा आकार आणतो. धातूची मूर्ति बहुधा ओतीव असते. प्रथम मेणाची प्रतिमा करावी, तिजवर मातीचे लेप द्यावे, तापवून मेण बाहेर काढावें, व उरलेल्या पोकळींत धातूचा रस सोडावा, हा तिचा विधि. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत या विधीचें वर्णन आलें आहे, हें वाचकांस विदित आहेच. घडीव व ओतीव या दोन विद्यांचीं हत्यारें निराळीं, परंपरा निराळी. म्हणून सोनगीरचा तांबट हा सुतार यांच्या कलेचा पूर्वज होय, असें म्हणतां येत नाहीं.

त्यांचा खरा वारसा आडनांवांतच सांगितलेला आहे. वडील वनजी हंसराज हे गांवचे सुतार. सुताराच्या घरीं मुलावर जो पहिला संस्कार होतो तो मापाचा व सांध्याचा. नांगर, बैलगाडीचें चाक किंवा दाराची चौकट, यांत एक माप चुकलें तर सर्व वस्तु वायां जाते. पुढील काळीं शेंकडों फूट उंचीच्या आकृतींत प्रमाण न ढळूं देण्याचें जें कसब त्यांच्या ठिकाणीं दिसलें, त्याचें बीज या घरांत शोधणें अधिक युक्त होय.

(३)

श्रीराम कृष्ण जोशी हे सुतार यांचे गुरु. त्यांच्याच प्रेरणेनें ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत गेले, व १९५३ सालीं मूर्तिकामासाठीं त्यांस मेयो सुवर्णपदक मिळालें. त्यांच्या पूर्वींची मराठी शिल्पकारांची पिढी संस्थानिक, धनिक व इंग्रज अधिकारी यांच्या आश्रयावर वाढली होती. गणपतराव म्हात्रे यांची मंदिरपथगामिनी ही मूर्ति १८९६ ची. विनायकराव करमरकर यांनीं केलेला, पुण्यांतील श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. त्यामागें कोल्हापूर दरबार उभा होता. सुतार कलाशाळेंतून बाहेर पडले तेव्हां संस्थानें विलीन झालीं होतीं, आणि पुतळा सांगणारा नवा यजमान म्हणजे स्वतंत्र देशाचें सरकार हा होता. त्यांच्या साऱ्या कारकीर्दीचें स्वरूप या एका फरकानें ठरलें आहे. दिवाणखान्यांत ठेवावयाच्या मूर्तीपेक्षां चौकांत, धरणावर व सभागृहासमोर उभ्या करावयाच्या मूर्ति त्यांच्या वांट्यास आल्या; म्हणजे त्यांचा प्रेक्षक हा तिकीट किंवा निमंत्रण नसलेला सामान्य माणूस होता.

(४)

सन १९५४ ते १९५८ या काळांत सुतार हे पुरातत्त्व खात्यांत, औरंगाबाद येथें, मूर्तिकार म्हणून नोकरीस होते. हैदराबाद संस्थानच्या विलीनीकरणानंतर अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची व्यवस्था भारत सरकारकडे आली होती. तेथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचें काम त्यांनीं केलें. चरित्रकार या चार वर्षांस एका वाक्यांत निरोप देतात. आमच्या मतें हीं वर्षें अधिक विचारास पात्र आहेत.

दुसऱ्याच्या हातचें तुटलेलें काम सांधणाऱ्यास स्वतःचा हात लपवावा लागतो. मूळ कारागिरानें वस्त्राची चुणी कोणत्या कोनानें फिरविली, हें त्यास पाहावें लागतें व तितकेंच करावें लागतें. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस ही शिस्त परिचित आहे : जीर्ण पोथीचा त्रुटित भाग जोडतांना संपादकानें आपली भाषा त्यांत घुसडूं नये, हा तोच नियम होय. सुतार यांच्या पुढील व्यक्तिशिल्पांत कलावंताची लहर थोडी व मूळ व्यक्तीच्या चेहऱ्याविषयींची निष्ठा फार, असें जें दिसतें, त्याचा संबंध या शिस्तीशीं असावा.

आणखी एक गोष्ट अजिंठ्याहून शिकण्यासारखी आहे. सोळाव्या लेण्यांतील लेखांत वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचें नांव आहे. सव्विसाव्यांत भिक्षु बुद्धभद्राचें. दात्यांचीं नांवें राहिलीं, छिन्नी धरणाऱ्यांचीं राहिलीं नाहींत. वेरूळच्या कैलासासंबंधीं बडोद्यास सांपडलेल्या कर्कराजाच्या ताम्रपटांत, आपलीच कृति पाहून खुद्द शिल्पी विस्मित झाल्याचें सांगितलें आहे. परंतु तेथेंही त्याचें नांव दिलेलें नाहीं. आजच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरील कोनशिला ही या दानलेखांचीच वंशज आहे. तिजवर अनावरण करणाऱ्याचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. करणाऱ्याचें असलें तर कोपऱ्यांत.

(५)

१९५८–५९ मध्यें माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या प्रसिद्धि विभागांत काम करून सुतार यांनीं सरकारी नोकरी सोडली व दिल्लीस स्वतंत्र व्यवसाय मांडला. त्यांचें नांव प्रथम गाजलें तें चंबळेवरील गांधीसागर धरणाच्या शिल्पानें. हें धरण १९६० सालीं पुरें झालें. तेथील ४५ फूट उंचीचें शिल्प म्हणजे चंबळमाता व तिचीं दोन बालकें. मध्य प्रदेश व राजस्थान हीं तीं बालकें होत. एका नदीच्या पाण्यावर दोन प्रांतांचा हक्क, हा एरवीं वादाचा विषय. शिल्पकारानें तो भावंडांच्या नात्यांत बसविला. पौराणिक नदीदेवतेच्या जुन्या प्रतिमेस त्यांनीं नव्या राज्यघटनेचा अर्थ दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि इतिहासकारानें दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. धरणाच्या पाण्याखालीं गेलेलीं गांवें या मातेच्या कडेवर नाहींत. सरकार हा यजमान असला म्हणजे शिल्पांत काय यावें हें तोच ठरवितो, व काय न यावें हेंही. ही मर्यादा सुतार यांच्या साऱ्या सार्वजनिक कामास लागू आहे, आणि तिचा उल्लेख केल्यानें त्यांच्या कौशल्यास उणेपणा येत नाहीं.

(६)

सुतार यांच्या कामाचा सर्वांत दूरवर गेलेला भाग म्हणजे महात्मा गांधींचा अर्धपुतळा. गांधी-जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६९ च्या, निमित्तानें भारत सरकारनें त्याच्या प्रति रशिया, इंग्लंड, फ्रान्स, इटली, मलेशिया आदि देशांस भेट दिल्या. संसदभवनाच्या आवारांतील ध्यानस्थ गांधींचा १६ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळाही त्यांचाच. त्याचें अनावरण ता. २ ऑक्टोबर १९९३ रोजीं राष्ट्रपति शंकर दयाळ शर्मा यांनीं केलें. पाटण्याच्या गांधी मैदानांत २०१३ सालीं उभ्या राहिलेल्या पुतळ्यांत गांधींबरोबर दोन मुलें आहेत.

येथें पोथ्यांच्या संग्राहकांचें ज्ञान कामास येतें. अर्धपुतळ्याची मातींतील घडण ही मूळ प्रत. तिजवरून घेतलेला प्लॅस्टरचा ठसा ही पहिली नक्कल. आणि त्यावरून निघालेले ब्राँझचे ओतीव पुतळे ह्या पुढील नकला. माती बहुधा मोडून टाकली जाते, व मूळ प्रत नष्ट होते. मग उरलेल्या नकलांपैकीं कोणती कोणत्या साच्याची, कोणाच्या ओतकामाची, कोणीं मागून घांसलेली किंवा रंगविलेली, हें ठरविणें म्हणजे पाठचिकित्साच होय. स्थानाचीही नोंद हवी : संसदभवनांतील उपरोक्त पुतळा २०२४ सालीं आवारांतल्या आवारांत प्रेरणास्थल येथें हलविण्यांत आला. अवघ्या एकतीस वर्षांत जर मूळ जागा बदलते, तर शंभर वर्षांनीं काय होईल हें सांगावयास नको.

(७)

शेवटच्या दशकांतील कामें आकारानें प्रचंड आहेत. नर्मदातीरीं केवडिया येथील सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं उघडण्यांत आला. बेंगळुरूचा केंपेगौडा (२०२२) १०८ फूट, व हैदराबादचे डॉ. आंबेडकर (ता. १४ एप्रिल २०२३) १२५ फूट उंच आहेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्यें कोसळल्यावर नव्या पुतळ्याचें काम सुतार यांच्याकडे आलें, व तो २०२५ सालीं उभा राहिला. या कामांत पुत्र अनिल सुतार त्यांच्या बरोबरीनें होते.

एवढ्या मोठ्या कामांत अनेक हात असतात, व ते निराळे ओळखले पाहिजेत. पटेलांच्या पुतळ्याचे ३, १८ व ३० फुटांचे नमुने सुतार यांनीं क्रमानें केले. त्यांवरून यंत्रसाहाय्यानें अंतिम माप काढण्यांत आलें. ब्राँझचीं पृष्ठें चीनमधील कारखान्यांत ओतलीं गेलीं. आंतील सिमेंट-पोलादाचा सांगाडा अभियंत्यांनीं उभारला. म्हणून शिल्पकाराचा हात पाहावयाचा असेल तर तो १८२ मीटरांत न पाहतां तीन फुटांच्या नमुन्यांत पाहावा. उंची ही यजमानाची मागणी होती. चेहरा, खांद्यावरील शालीचा भार व पावलांची ठेवण एवढेंच शिल्पकाराचें.

केवडियाचा पुतळा सरदार सरोवराच्या धरणासमोर उभा आहे. त्या सरोवराच्या बुडितक्षेत्रांत महाराष्ट्रांतील ३३ गांवें आलीं, तीं नंदुरबार जिल्ह्यांतील, म्हणजे १९९८ पूर्वींच्या धुळें जिल्ह्यांतील व त्याहीपूर्वींच्या पश्चिम खानदेशांतील. ज्या जिल्ह्यानें या पुतळ्याचा कर्ता दिला, त्याच जिल्ह्याच्या भिल्ल-पावऱ्यांचीं घरें त्या पाण्याखालीं गेलीं. खानदेशच्या इतिहासांत हीं दोन्ही वृत्तें एकाच पानावर लिहिलीं गेलीं पाहिजेत.

(८)

सुतार यांस पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), २०१६ चा टागोर सांस्कृतिक सद्भाव पुरस्कार व २०२४ चा महाराष्ट्रभूषण हे मान मिळाले. मानसन्मानांची यादी सरकारी दप्तरांत राहील. तिची काळजी नको. काळजी आहे ती नमुन्यांची, साच्यांची, छायाचित्रांची, मापांच्या कागदांची व पुतळा-समित्यांच्या पत्रव्यवहाराची. इतिहासाचार्य राजवाडे ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, तेव्हां गोंदूरचा हा मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता. पुढच्याच महिन्यांत राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. वाण्याच्या दुकानांतील रद्दींतूनही इतिहासाचें साधन निघतें, हा राजवाड्यांचा धडा ज्या शहरानें जपला, त्यानें शिल्पकाराच्या रद्दीसही तोच न्याय लावावा.

आमची सूचना साधी आहे. खानदेशांतील प्रत्येक संग्राहकानें आपल्या गांवच्या चौकांतील पुतळ्याची, तो कोणाच्याही हातचा असो, एक नोंद करावी : कोनशिलेवरील मजकूर अक्षरशः, चौथऱ्याची व मूर्तीची उंची निरनिराळी, घडणाऱ्याचें व ओतणाऱ्याचें नांव, वर्गणीच्या याद्या, व जागा बदलली असल्यास केव्हां बदलली तें. सोनगीरच्या तांबटांच्या ठशांची व वजनांची नोंदही त्याच वहींत व्हावी; कारण घडीव व ओतीव यांचे वंश निराळे असले तरी विस्मृतीचा धोका दोघांस सारखाच आहे. अजिंठ्याच्या कारागिरांचीं नांवें आतां मिळणें नाहीं. गोंदूरच्या सुताराचें नांव आज सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याबरोबर मेण, माती व रस हाताळणाऱ्यांचीं नांवें मिळविण्यास अद्याप वेळ गेलेली नाहीं.