गावित बालहत्या प्रकरण
कोल्हापुरासह पुणे व नाशिक येथे 1990 ते 1996 या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी मुले पळवून केलेल्या हत्यांचे प्रकरण. कडेवर मूल असलेल्या बाईवर गर्दीत संशय येत नाही, हे हेरून त्या पाकीटमारीसाठी मुले वापरत आणि ती नकोशी झाली की जीव घेत. कोल्हापुरात सीमा रंगेहाथ सापडताच अंजनाबाईने पळवलेले तान्हे मूल जमिनीवर आपटून जमावाचे लक्ष वळवले, यातच या गुन्ह्यांचे अमानुष स्वरूप दिसते. रेणुकाचा पती माफीचा साक्षीदार (शिक्षामाफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी) झाला. अंजनाबाई 1997 मध्ये कैदेतच मरण पावली. बहिणींना कोल्हापूर सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली. मात्र दयेच्या अर्जावरील अक्षम्य दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2022 रोजी ती जन्मठेपेत बदलली.