घरी जोडलेला संगणक सुरू होईना तेव्हा
'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५च्या अंकाने 'अल्टेअर ८८००' हा संगणक हौशी मंडळींपुढे आणला. अल्बुकर्कच्या 'मिट्स' कंपनीचा हा संच ३९७ डॉलरना मिळे. सुटे भाग ग्राहकाने स्वतःच सोल्डर करायचे. तो सुरू झाला नाही, तर दोष भिंगातून शोधायचा: कुठे कच्चे सोल्डरिंग, कुठे शेजारच्या दोन रेघा जोडणारा थेंब, कुठे उलटी बसलेली चिप. पडदा नाही, कळफलक नाही. दर्शनी पट्टीवरचे खटके वरखाली करून मेमरीत आकडा भरायचा आणि दिवे तोच दाखवतात का, ते पाहायचे. चिकाटीची परीक्षाच ती! मार्च १९७५मध्ये मेन्लो पार्कच्या गॅरेजात पहिल्यांदा भरलेल्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'मध्ये अशा अडचणींची देवाणघेवाण चाले. १९८१चा आयबीएम पीसी मात्र सुरू होताच आपली तपासणी आपणच करी; सगळे ठीक असले, तर एकच छोटा 'बीप' वाजे.