भयपट, एक प्राध्यापक आणि त्याचा विद्यार्थी : टोरोंटो, १९७९

१९७५ साली कॅनडाच्या ‘सॅटर्डे नाइट’ मासिकात डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या ‘शिव्हर्स’ या भयपटावर एक जळजळीत लेख प्रसिद्ध झाला. रॉबर्ट फुलफर्ड यांनी तो टोपणनावाने लिहिला होता. चित्रपटाला सरकारी साहाय्य मिळाले होते. तेव्हा तो किती वाईट आहे हे जनतेला कळलेच पाहिजे, कारण पैसे तिचेच आहेत, असा त्यांचा रोख होता.

भयपट म्हणजे थिल्लर करमणूक, हे त्या काळी सुशिक्षितांचे सर्वमान्य मत होते. अशा विषयावर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आपला विषय अभ्यासयोग्य आहे, हेच आधी सिद्ध करावे लागे.

हे चित्र पालटण्यात रॉबिन वुड यांचा वाटा मोठा आहे. हिचकॉकवरील १९६५ च्या पुस्तकामुळे ते नावारूपाला आले होते. १९७३ पासून ते इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात चित्रपट शिकवू लागले. तेथेच अँड्र्यू ब्रिटन हा पदव्युत्तर विद्यार्थी त्यांना भेटला. पुढे वुड टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात गेले.

१९७९ मध्ये टोरोंटोच्या ‘फेस्टिव्हल ऑफ फेस्टिव्हल्स’मध्ये, म्हणजे आजच्या टोरोंटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, वुड आणि रिचर्ड लिपी यांनी ‘द अमेरिकन नाइटमेअर’ हा भयपटांचा विभाग मांडला. सोबत त्याच नावाची एक छोटी निबंधपुस्तिका निघाली. तिच्या लेखकांत गुरूच्या बरोबरीने ब्रिटनही होता.

वुड यांचा सिद्धांत वरवर साधा वाटतो. सुरळीत जगण्याला राक्षसाचा धोका निर्माण होतो, एवढेच भयपटाचे सूत्र. पण राक्षस येतो कुठून? समाजाने स्वतःत दडपलेले जे काही असते, लैंगिकता, वर्गद्वेष, परक्यांविषयीची भीती, तेच विकृत रूप घेऊन परत येते. म्हणूनच त्यांना ‘द ओमेन’पेक्षा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ अधिक मोलाचा वाटला. ‘ओमेन’मध्ये दुष्टपणा सैतानाकडून येतो, तर ‘चेन सॉ’मध्ये कत्तलखान्यातील काम गमावलेल्या एका अमेरिकन कुटुंबातूनच.

गंमत अशी की क्रोननबर्ग वुडनाही पटले नाहीत. फुलफर्ड यांना त्यांचा चित्रपट असभ्य वाटला होता, वुडना तो शरीराची किळस बाळगणारा आणि प्रतिगामी वाटला. निकाल दोघांचाही प्रतिकूलच, पण वुड यांनी निदान चित्रपट गांभीर्याने वाचून तो दिला. फरक पडला तो इथे.

यानंतर वाट रुंदावली. प्राचीन नॉर्स सागांच्या अभ्यासक कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात, शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिले. २०१० मध्ये ‘हॉरर स्टडीज’ हे नियतकालिक सुरू झाले. मुंबईच्या रामसे बंधूंचे चित्रपटही अभ्यासविषय झाले. कार्तिक नायर यांच्या २०२४ च्या ‘सीइंग थिंग्ज’ या ग्रंथात सेन्सॉरच्या कात्रीच्या खुणा आणि फसलेला मेकअप हीच ऐतिहासिक साधने ठरली आहेत.

ब्रिटनला हे पाहता आले नाही. १९९४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आरंभीच, तो गेला. विखुरलेले त्याचे निबंध एका ग्रंथात एकत्र आले ते २००९ मध्ये. त्याची थोरवी सांगणारी प्रस्तावना वुड यांनी लिहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचेही निधन झाले.