वाट पाहण्याचा इतिहास

मराठी भाषा ज्यांनी घडवली ते बहुधा आमच्या बीड जिल्ह्यातले असावेत. पुरावा हवा असेल तर आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईला आहे, ती पाहून यावी. एरवी चालायची तीही 'वाट' आणि ताटकळत पाहायची तीही 'वाट'च, ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचणार?

मी बँकेतला कारकून. घर बीडला, शाखा खेड्यात. गेली अठरा वर्षं रोज अप-डाऊन करतो. 'अप-डाऊन' हा आमच्याकडचा अस्सल मराठी शब्द आहे. या अठरा वर्षांत मी सगळी वाहनं करून पाहिली. मोटारसायकल घेतली, पण एका पावसाळ्यात माझी कंबर आणि तिचे शॉकअप एकाच आठवड्यात गेले. चौघांनी मिळून एक गाडी ठरवली, तर पेट्रोलच्या हिशेबावरून चौघेही बोलेनासे झालो. (चौघेही बँकेतलेच, त्यामुळे हिशेब चार निघाले.) काळी-पिवळी जीपमध्ये मी साधारणपणे पंधरावा असतो. ड्रायव्हर निम्मा बाहेर बसतो आणि गिअरची दांडी दोन पाहुण्यांच्या गुडघ्यांमध्ये असते. तिसरा टाकायची वेळ आली की तो म्हणतो, "मामा, पाय सरकवा."

दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर-ट्रक लागतात. हंडे, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं असा सगळा संसार वर रचलेला. त्यांच्यामागे अडकलं की आमचा ड्रायव्हरही हॉर्न वाजवत नाही. आम्हाला संध्याकाळी परत यायचं असतं, त्यांना उन्हाळ्यात.

अशा कोंडीत बसल्या बसल्या माणूस एकतर तत्त्वज्ञ होतो, नाहीतर इतिहाससंशोधक. मी बी.कॉम. असल्यामुळे तत्त्वज्ञान जमण्यासारखं नव्हतं.

तर इतिहास असा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९३२ साली संस्थानाने सरकारी मोटारी सुरू केल्या : २७ बस आणि १६६ नोकर. गंमत म्हणजे हे मोटार खातं निजामाच्या रेल्वेचाच एक भाग होतं. रेल्वे खात्याची मोटार धावू लागली, पण बीड गावाला रेल्वे काही आली नाही. परळीला मात्र निजामाच्याच काळात आली. म्हणजे जिल्ह्याला रेल्वे होती, फक्त जिल्ह्याच्या गावाला नव्हती. फ्रीज आपल्याच वाड्यात, पण भाडेकरूच्या खोलीत, असा हा प्रकार.

पुढे १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ती नगरलाच थांबली. त्यापुढे थोड्याच अंतरावर निजामाची हद्द लागत होती. साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, संस्थानाचा निकाल लागला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ साली इकडच्या, विदर्भातल्या आणि मुंबईकडच्या सरकारी गाड्या मिळून आजचं महामंडळ झालं. तेव्हापासून 'वाट पाहीन पण एसटीनंच जाईन' हे आमच्या घराचं कुलव्रत आहे.

'आमच्या घराचं' म्हणजे अण्णांचं. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनीही जन्मभर अप-डाऊनच केलं. (काही घराण्यांत जमीन वारशाने येते, काहींत मधुमेह, आमच्यात अप-डाऊन.) गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्यांचा हात धरणारा स्टँडवर कुणी नव्हता. पण मनाने ते एसटीत नसायचेच, रेल्वेत असायचे. अहमदनगर–बीड–परळी, २६१ किलोमीटर. १९९५ साली हा मार्ग मंजूर झाला तेव्हा अण्णांनी शाळेत पेढे वाटले. मी तेव्हा शाळकरी. स्कूटर घेऊ म्हटलं तर अण्णा म्हणायचे, "कशाला? रेल्वे येतीय की!" त्या एका वाक्यावर आमची स्कूटर गेली, रेल्वेच्या आशेने स्टँडजवळचा प्लॉटही गेला. दर निवडणुकीला रेल्वे पुढच्या वर्षी येत असे.

मंजुरीच्या वेळी खर्चाचा अंदाज होता ३५३ कोटी. तीस वर्षांत तो ४,८०० कोटींवर गेला. मी काउंटरवर बसून गणित केलं, तर चक्रवाढ दर वर्षाला नऊ टक्क्यांहून थोडा जास्तच पडला. आमच्या मुदत ठेवीला आज एवढं व्याज मिळत नाही. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "मग रखडली म्हणून रडतोस कशाला? वाढतीय की."

२०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, बीडहून अहिल्यानगरला (जुनं अहमदनगर) पहिली रेल्वे सुटली. परळीकडचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता. सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात गाडी दुपारी निघे आणि १६७ किलोमीटरना साडेपाच तासांच्या आसपास घेई. एसटी त्याहून लवकर पोचते. नोकरदाराला मस्टर गाठून द्यायला या गाडीचा काही उपयोग नव्हता. माझ्या शाखेच्या गावाला तर ती जातच नाही. तिथे अजून एसटीच जाते, चारच उतारू असले तरी जाते. नफ्यातोट्याच्या कुठल्याच खात्यात ही नोंद बसत नाही, आणि बी.कॉम. असून मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या चारांत शाळेच्या दोन मुली असतात.

उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर मी एक दिवस रजा टाकून अण्णांना रेल्वेत बसवायला नेलं. वय एकोणऐंशी. स्टेशनला जायला रिक्षा करावी लागली. तिकीट काढताना कुरकुरले, "एसटीत पंचाहत्तरीपुढं फुकट नेतात, आणि ज्याची तीस वर्षं वाट पाहिली त्याला पैसे?"

डब्यात शिरलो. बाकं पुष्कळ रिकामी होती. अण्णांनी खिडकीची जागा घेतली, खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्या जागेवर नीट पसरला.

"अण्णा, डबा रिकामा आहे."

"आज आहे." त्यांनी रुमालाची सुरकुती काढली. "तुला अजून पंधरा वर्षं नोकरी करायचीय. सवय मोडू नको."

गाडी हलली. अण्णा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "हळूच चाललीय, नाही?"

मी म्हटलं, "हो."

"बरंय," ते म्हणाले. "लवकर पोचलो असतो तर एवढ्या वर्षांच्या मानानं फार थोडं बसायला मिळालं असतं."