टेली, टेलर आणि दुर्बीण

इंग्रजी शब्दकोश उघडून टी-ई-एल ही अक्षरे काढावीत. टेलिग्राफ, टेलिफोन, टेलिस्कोप, टेलिव्हिजन हे शब्द ओळीने उभे दिसतात. पुष्कळ शिक्षक येथे मुलांना एक सोपी किल्ली देतात. 'टेली' म्हणजे दूर; मग टेलिस्कोप म्हणजे दूरचे पाहणारे, टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज. किल्ली चांगली आहे, आम्हीही ती वर्षानुवर्षे वापरली. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी भागातील काही शिक्षकांबरोबर बसलो असताना मात्र एकाने आपल्या वर्गातील प्रसंग सांगितला. मुलगा वडिलांबरोबर बँकेत गेला होता. तेथे खिडकीवर 'टेलर' अशी पाटी होती. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, तो दूरचा माणूस का?" गुरुजींनी वेळ मारून नेली. आम्हालाही त्या क्षणी नीट उत्तर सुचले नाही, हे कबूल करायला हवे. घरी येऊन शोधाशोध केली, त्यातून हे टिपण तयार झाले.

प्रथम खरोखरच दूरच्या शब्दांकडे पाहू. गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे नळी रोखली तेव्हा तिला आज परिचित असलेले नाव नव्हते. १६११ च्या एप्रिलमध्ये रोम येथे त्याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तेथे देमिसियानी नावाच्या ग्रीक पंडिताने 'दूर' आणि 'पाहणे' हे दोन ग्रीक शब्द जोडून टेलिस्कोप हे नाव सुचवले. वस्तू आधी आली आणि नाव मागाहून. टेलिग्राफची गोष्टही अशीच. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने उंच मनोऱ्यांवर लाकडी हात बसवून, त्यांच्या खुणांनी निरोप पाठवण्याची युक्ती काढली. विजेचा यात संबंध नव्हता. आपल्या यंत्राला तो 'वेगाने लिहिणारे' अशा अर्थाचे नाव देणार होता, पण एका मित्राने 'दूर लिहिणारे' हे नाव सुचवले आणि तेच टिकले. पॅरिस ते लील हा या यंत्राचा पहिला मार्ग १७९४ साली सुरू झाला.

पुढे विजेची तार आली आणि नाव मात्र तेच राहिले. १८५२ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रातून 'टेलिग्राम' हा शब्द पुढे आला, तेव्हा ग्रीक जाणणाऱ्यांनी तो व्याकरणाला धरून नाही म्हणून नाके मुरडली. 'टेलिव्हिजन' हा शब्द १९०० साली पॅरिसच्या वीज परिषदेत पेर्स्की या रशियन गृहस्थाने मांडला. तो तर अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन! लोकांना त्याचे काहीच वाटले नाही.

आपल्याकडे काय झाले? सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरला जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली. रुळांबरोबर खांब आले आणि खांबांवर तारा. लोकांनी 'दूर' वगैरे काही न म्हणता डोळ्यांना दिसले तेच नाव दिले, 'तार'. पुढे निरोपाच्या कागदालाही तारच म्हणू लागले. 'तार आली' म्हटले की घरातल्या बायका आधी रडायला लागत. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आजच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. दूरध्वनी, दूरदर्शन हे शब्द नंतर विचारपूर्वक घडवलेले आहेत. दूरदर्शन रुळला, दूरध्वनी पत्रिकेवर छापला जातो आणि बोलताना सगळे फोनच म्हणतात.

दुर्बीण हा शब्द मात्र फारसीतून आला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. फारसीतला 'दूर' आणि संस्कृतातला 'दूर' ही एकाच मुळाची भावंडे आहेत. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, त्यातला 'बीन' हाच. पण मराठीत येताना दीर्घ 'दू' ऱ्हस्व झाला, 'र' वर चढला आणि घोटाळा झाला. मराठी शब्दकोशात आता दुर्बल, दुर्बीण, दुर्बोध हे शब्द शेजारी बसतात. दुर्बलातला 'दुर्' म्हणजे वाईट किंवा कठीण. सुरुवातीची अक्षरे सारखी म्हणून कोणी दुर्बिणीचा अर्थ 'वाईट वीण' लावला तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'दुर्गम' या शब्दाचेही असेच होते. सरकारी कागदांत अक्राणी आणि अक्कलकुवा यांच्यामागे तो कायम लागलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्याचा अर्थ दूरचे. त्याचा अर्थ आहे, जेथे जाणे कठीण. कोणाला कठीण, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. धडगावच्या मुलाला धडगाव दूरही नाही आणि कठीणही नाही.

आता टेलरकडे वळू. इंग्रजीत 'टेल' म्हणजे सांगणे, हे पाचवीचा मुलगाही जाणतो. पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ मोजणे असाही होता. जर्मनमध्ये मोजण्यासाठी आजही त्याचेच भावंड वापरतात. बँकेतला टेलर म्हणजे पैसे मोजणारा. ग्रीक 'टेली'शी त्याचा काडीचा संबंध नाही. सांगणे आणि मोजणे यांचे हे नाते आपल्याला परके वाटू नये. 'आख्यान' आणि 'संख्या' या दोन शब्दांत एकच 'ख्या' धातू आहे. एकात तो सांगतो, दुसऱ्यात मोजतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना खरा धोका पुढे आहे. उकाई धरणाचे पाणी नवापूर, नंदुरबारकडे पसरलेले आहे, तेथे रोहू, कटला मिळतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात हे मासे 'टेलिओस्ट' गटात येतात. टी-ई-एल-ई ही चारही अक्षरे तीच. म्हणून 'दूरचे हाड' असा अर्थ सांगणारे शिक्षक आम्ही ऐकले आहेत! १८४० च्या दशकात योहानेस म्युलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव दिले ते 'पूर्ण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. या माशांचा सांगाडा मात्र हाडाचा, म्हणजे पूर्णत्वाला गेलेला. गव्हावरच्या तांबेऱ्याचेही तसेच. हंगामात त्याचे बीजाणू तांबूस असतात, पीक पिकत आले की खोडावरच्या तांबेऱ्याचे काळे बीजाणू दिसू लागतात. त्यांना टेलिओस्पोअर म्हणतात. जुन्या पुस्तकांत टेल्युटोस्पोअर. हे शेवटचे बीजाणू. ग्रीकमध्ये पूर्ण होणे आणि संपणे यांना एकाच घरातले शब्द आहेत. वाढणाऱ्याला आपण 'पुरे' म्हणतो तेव्हा तेच करतो.

यातून वर्गात काय करता येईल? आम्ही त्या शिक्षकांबरोबर एक खेळ करून पाहिला. शब्दकोशातील एक पान घ्यायचे, सारख्या सुरुवातीचे शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी त्यांची घरे पाडायची. कोणाचे घर कोणते हे आधी अंदाजाने, मग शब्दकोशातील व्युत्पत्ती पाहून. पावरी, मावची, भिली, अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी आपापल्या बोलीतील शब्दही त्याच पद्धतीने मांडावेत, कारण त्यांना दूरध्वनी हा शब्द टेलिफोनइतकाच नवा असतो आणि किल्ली दोन्हीकडे चालते की नाही हे तपासण्यात त्यांना कोणी मागे टाकू शकत नाही. शब्दकोश मोठा हवा. खिशातल्या छोट्या कोशांत व्युत्पत्ती नसते. टेलरचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आता उत्तर पोचले आहे. त्याने लगेच दुसरे विचारले म्हणे: कपडे शिवणारा टेलर यांच्यापैकी कोणाचा? त्याची अक्षरे टी-ए-आय, पान वेगळे, मूळ फ्रेंच 'कापणे'.