रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणजे काय? अपघाताचं मूळ कसं शोधतात?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या सोनईत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. मागच्या हंगामात माझ्या चुलतभावाची बाईक अशाच एका उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. पाय मोडला, तीन महिने घरी. गावाने निकाल लगेच लावला, "पोरगं जोरात चालवत होतं."

जोरात होता, हे खरंच आहे. पण मी पुढे विचारत गेलो. ट्रॉली दिसली का नाही? मागे टेल लॅम्प नव्हता, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. रस्त्यातच का उभी होती? टायर पंक्चर, आणि बाजूला घ्यावी तर साइडपट्टी खचलेली. चिखल कोणी पुसला का नाही? रिफ्लेक्टर हंगामाच्या सुरुवातीला एकदा लावला, नंतर बघायचं काम कोणाकडेच नव्हतं. म्हणजे भाऊ नसता, तर दुसरा कोणी आदळला असता.

यालाच रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतात. पाच वेळा "का?" विचारायची पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीमुळे जगभर गेली. पाच हा आकडा काही पवित्र नाही. आणि उत्तरांची एकच साखळी नसते, वर बघा, दिव्याची वेगळी आणि साइडपट्टीची वेगळी निघाली.

आता मोठं उदाहरण. २९ सप्टेंबर २०१७, मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आताचं प्रभादेवी). पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पाऊस होता, लोक आडोशाला थांबले, गर्दी तुंबली. पण पाऊस तर मुंबईत दरवर्षी पडतो! मग जिना इतका अरुंद का? परळ भागातल्या गिरण्या बंद होऊन तिथे ऑफिसं आली, माणसं वाढली, पूल तेवढाच राहिला. नवा पूल तर मंजूर होता, बांधलेला नव्हता. शेवटी लष्कराने पूल बांधून दिला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. माझ्या मते इथला खरा "का?" असा आहे: मंजुरी ते बांधकाम यात इतका वेळ का जातो? तो पावसावर ढकलता येत नाही.

पण पुरावा नसेल तर हे सगळे अंदाजच. म्हणून केंद्र सरकारची आयरॅड ही प्रणाली आहे, आयआयटी मद्रास आणि एनआयसीने तयार केलेली. पोलीस जागेवरूनच मोबाईल अ‍ॅपमध्ये लोकेशन, फोटो, गाडी आणि रस्त्याची माहिती भरतात. एकाच वळणावर वारंवार अपघात होत असतील तर ते नकाशावर दिसतं.

भावाच्या वेळी ट्रॉलीचा फोटो कोणीच काढला नाही, सकाळी ती निघून गेली होती. तुमच्यासमोर असं काही झालं तर आधी ११२ ला फोन, जखमीला मदत. मग कॅमेऱ्यात लोकेशन ऑन करून फोटो: गाडीची मागची बाजू, दिवे, रस्त्याची कड. जखमीचा चेहरा नको.